आप्पांचे दोनशे

मंगळवार, २ सप्टेंबर १९९७
सकाळचे सव्वासहा. भट्टी पेटवली आहे, कढईतलं पाणी अजून कोमट आहे.

दादा,

पाण्याला उकळी फुटेपर्यंत हे पत्र लिहून होईल. फोन करता आला असता, पण फोनवर मी अडखळतो आणि तू "पुढे बोल, पुढे बोल" करतोस, मग मुख्य गोष्टच राहून जाते. कागद निदान घाई करत नाही.

आप्पा गेल्या पंधरवड्यापासून दुकानात यायला लागले आहेत. झटका येऊन तीन महिने होत आले. डॉक्टरांनी अर्धा दिवस उभं राहायची परवानगी दिली आहे, आप्पा दोन अर्धे दिवस उभे राहतात. जी रक्तवाहिनी फुगा घालून उघडली ती ठीक आहे. दुसरी निम्मी चोंदलेली आहे, ती गोळ्यांवर ठेवली आहे. बिडी बंद आहे. म्हणजे माझ्यासमोर बंद आहे. लंबू धुतलेलं कापड वाळत घालायला मागच्या बाजूला गेला की आप्पांनाही नेमकं मागेच काहीतरी काम निघतं.

आता मुद्दा. कापड गडद येत होतं.

आप्पा कसे मोजतात ते तू विसरला नसशील. उजव्या हातात काठी, डाव्या हाताची दोन बोटं जबड्याखाली मानेच्या शिरेवर, ओठ हलत असतात. आकाशीला नव्वद ठोके, राखाडीला दोनशे, मग "काढ" म्हणायचं. आजोबाही असेच रंगवायचे. वाफेने घड्याळाची काच आंधळी होते, मानेतली शीर आंधळी होत नाही, हे त्यांचं वाक्य. तू शाळेत हे सांगितलंस आणि मास्तरांसकट सगळा वर्ग हसला, तेव्हापासून तू दुकानात पाय ठेवायला कुरकुरायचास, हेही मला आठवतं. मी तेव्हा खूप लहान होतो, पण घरात झालेलं भांडण आठवतं.

तर हॉटेलच्या पडद्यांची राखाडी कोळशासारखी आली. आप्पांनी पूड बदलली, मीठ कमी केलं, लंबूला शिव्या घातल्या, मग मला घातल्या. मी दाराआड उभा राहून मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. आप्पांचे दोनशे पूर्वी तीन मिनिटांच्या आत संपायचे, आता पावणेचार मिनिटं लागत होती. मी डॉक्टरांना विचारून आलो. ते हसले, पण म्हणाले की एका गोळीचं कामच ते आहे, हृदयावर ताण नको म्हणून ती ठोके सावकाश करते. म्हणजे आप्पा बरोबर होते, कापडही बरोबर होतं, फक्त आकडा जुना होता.

आप्पांना पटेना. "माझ्या बापाचे दोनशे, माझे दोनशे. दीडशे हा काय आकडा आहे, रुग्णालयाच्या खोलीचा?" शेवटी एक तागा दीडशेवर काढून नमुन्याच्या चिंधीशेजारी धरला. जुळला. आप्पा तागा दोरीवर टाकत म्हणाले, "नशीब, सशाच्या ठोक्यांवर रंगवत नाही. सगळं गाव फिकं झालं असतं."

माझे ठोके कायम घाईत असतात, हे खरंच आहे.

उकळी आली. थांबतो.

तुझा,
सशा


१२ सप्टेंबर १९९७

सशा,

पत्र पोचलं. आयुष्यात पहिल्यांदा तू घाबरलास आणि त्यात काहीतरी तथ्य निघालं, म्हणून पत्र जपून ठेवतो आहे. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊजींचं अक्षर आणि शुद्धलेखन बघून कोणी म्हणेल का की हा मुलगा आठवीत घरी बसला. मी म्हटलं, आठवीत बसला म्हणून तर जपून लिहितो. आमच्या ऑफिसातले पदवीधर बिनधास्त चुकतात.

दीडशे तर दीडशे. गोळ्यांचा परिणाम आहे हे कळलं, विषय संपला. आता दर आठवड्याला दाराआड उभा राहू नकोस. म्हाताऱ्याला आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की त्यानेच ठोके वाढतील.

रुग्णालयाचे हप्ते मी भरतो आहे. नव्या घराचेही भरतो आहे. महिन्याच्या एक तारखेला माझे ठोके कोणी मोजले तर तुमच्या कढईत नुसतं पांढरं कापड निघेल.

आप्पांना नमस्कार सांग. बिडी बंद करायला सांग. तू सांगितलंस तर ऐकणार नाहीत, माझं नाव घे.

दादा


मंगळवार, ११ नोव्हेंबर १९९७
दुपारचे दोन. आप्पा मागे झोपले आहेत, मी चिंध्या समोर मांडून बसलो आहे.

दादा,

हे पत्र पूर्ण वाच. मध्येच ठेवू नकोस.

दीडशेवर दोन महिने सगळं नीट चाललं. मग एकाच दिवशी काढलेले दोन तागे एकमेकांशी जुळेनात. सकाळचा बरोबर, दुपारचा फिका. पुढच्या दिवशी दोन्ही बरोबर. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळचा फिका. शाळेच्या गणवेशाची शिंपीणबाई काल दोन अर्धे-शिवलेले सदरे घेऊन आली आणि ते गल्ल्यावर टाकून म्हणाली, "हे बघा, एक बाही पहाटेची, एक बाही संध्याकाळची. पोरगं शाळेत जाणार की पाळीवर?" लंबू हसला. आप्पा हसले नाहीत. ते बाहीकडे बघत राहिले आणि मग पूडवाल्याला शिव्या घालायला लागले.

पूड तीच आहे, दादा. पाणी तेच, मीठ तेच. गोळीने ठोके सावकाश झाले तेव्हा सगळं कापड सारखंच गडद झालं होतं. हे तसं नाही. हे कधी असं, कधी तसं.

काल जेवल्यावर आप्पांचा डोळा लागला तेव्हा मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. दोन ठोके आले, मग काहीच नाही, मग तीन-चार अंगावर धावून आल्यासारखे, मग परत एक अगदी बारीक. जिन्यावरून कोणीतरी भांडं सोडून द्यावं तसं. मग दहा-पंधरा मिनिटांनी सगळं सुरळीत. आप्पा जागे झाले आणि म्हणाले, "तुझंच बोट थरथरतंय, मला काय धरतोस?"

आज सकाळी त्यांना फसवून, गोळ्या बदलून घ्यायच्या आहेत असं सांगून, डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची पट्टी काढली. सरळ आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पट्टी अर्ध्या मिनिटाचीही नसते, त्या वेळात हृदय शहाण्यासारखं वागलं तर काहीच दिसत नाही. झटक्यानंतर काहींना हा त्रास मागे लागतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात, रक्त तिथे साचून त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर अर्धं अंग जातं. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि घरी आल्यावर लगेच लिहून काढलं, म्हणजे माझ्या मनाचं काही घालू नये.

एक मशीन असतं. चोवीस तास छातीला लावून ठेवायचं, कंबरेला डबी. ठोका कुठे चुकला ते सापडतं. सापडलं तर रक्त पातळ ठेवायची गोळी देता येते. न सापडता देत नाहीत, कारण तिने आतल्या आत रक्तस्राव होण्याचीही भीती असते. मशीनचं भाडं बाराशे. माझ्याकडे साडेचारशे आहेत.

आप्पा म्हणाले, "थोरला सांगेल तर लावीन. सशाच्या सांगण्यावरून मी अंगाला वायरी गुंडाळून बसणार नाही."

म्हणून तू सांग.

सशा


२२ नोव्हेंबर १९९७

सशा,

पट्टी सरळ आली ना? मग?

तुला दोरी दिसली की साप, आणि साप दिसला की सापाचं अख्खं खानदान. ऑगस्टात काय केलंस आठवतंय? आप्पांच्या छातीत दुखतंय म्हणून तार केलीस. मी रजा टाकून, रात्रभर उभ्याने प्रवास करून आलो, तर आप्पा ओट्यावर बसून ढेकर देत होते. वात होता. वात. साहेबाने अजून मला ते ऐकवायचं सोडलेलं नाही. "काय हो, वडिलांचा वात कसा आहे?"

डॉक्टर मशीन सांगणारच, मशीन त्यांचं आहे.

आणि आता जरा वेगळं बोलतो, राग मानू नकोस किंवा मान. मी सतरा वर्षांचा असताना आप्पांनी मला मामाच्या ओळखीवर नोकरीला धाडलं. एका घरात दोघांनी कढई ढवळायची गरज नाही म्हणाले. त्या दिवसापासून घरात जे काही लागलं ते माझ्या पगारातून गेलं. दुकान तुझ्याकडे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे. मी कधी तक्रार केली नाही. पण आप्पांना मोजता येत नाही, आप्पांचे तागे जुळत नाहीत, आप्पांना वायरी लावा, हे सगळं मी इथे बसून वाचतो तेव्हा मला वाटतं की म्हाताऱ्याला कढईपासून उठवायची तुला जरा जास्तच घाई झाली आहे.

त्यांनी मोजण्याचा हट्ट सोडावा एवढंच करायला हवं. गजराचं घड्याळ घे. वाफेची भीती असेल तर खिडकीबाहेर टांग. तीन मिनिटांचा गजर, वाजला की काढा. तक्रारी बंद होतील. विसाव्या शतकाची तीन वर्षं उरली आहेत, त्यात एवढी सुधारणा करायला हरकत नाही.

मशीनचं मी आप्पांना काही लिहिणार नाही. उगाच घाबरतील.

दादा


७ डिसेंबर

थोरल्या,

आशीर्वाद. हे पत्र लंबूच्या हाती पेटीत टाकायला देतो आहे, सशाला ठाऊक नाही. लंबूला दोन बिड्या द्याव्या लागल्या, त्यामुळे फुकट गेलं असं समजू नकोस, नीट वाच.

तू सांगितल्याप्रमाणे सशाने खिडकीबाहेर घड्याळ टांगलं. माझ्या बापाने आणि मी मिळून साठ वर्षं मानेवर बोट ठेवून कापड काढलं आणि आता एक डबा किंचाळतो तेव्हा मी काढतो. सासऱ्याने हाक मारल्यासारखं वाटतं. पण तागे जुळतात. शिंपीणबाई खूश आहे. तुझं डोकं चालतं, ते आधीपासूनच चालायचं.

तुला एक सांगतो, मनातच ठेव. कधी कधी छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं. पाच-दहा मिनिटं. मग बसतं. दुखत नाही, नुसतं धरायला जावं तर निसटतं. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कठडा धरून उभा राहिलो. सशाला सांगितलं तर तो माझ्या आधी जाईल. त्याचा चेहरा बघवत नाही मला, सारखा कान टवकारून असतो. तू शिकलेला आहेस, तुझ्या ओळखीच्या कोणा डॉक्टरला सहज विचार, याचं काही करायला हवं का. तू म्हणशील तसं करीन.

सुनेला आशीर्वाद. नव्या घराला खिडक्या किती आहेत?

आप्पा


मंगळवार, १३ जानेवारी १९९८
संध्याकाळचे सात. दुकान झाडून झालं.

दादा,

घड्याळ लावून सहा आठवडे झाले. एकही तागा परत आला नाही. शिंपीणबाईने जाता जाता आप्पांना सांगितलं, "आता तुम्ही पुन्हा पूर्वीसारखे झालात." आप्पा खुलले. लंबू तर घड्याळालाच रामराम करून कामाला लागतो.

मला मात्र बरं वाटत नाही, आणि का ते आता सांगता येतंय म्हणून लिहायला बसलो. आधी आप्पांच्या ठोक्यांत काही बिघडलं की ते कापडावर उमटायचं. मी दोरीवरचे तागे बघून सांगू शकत होतो की काल दुपारी चारच्या सुमारास त्यांना काहीतरी झालं. आता दोरीवर सगळं एकसारखं असतं. छान दिसतं. आप्पांच्या आत काय चाललंय ते आता मला कुठेच दिसत नाही. मनगटाला हात लावला तर म्हणतात, बोट मोडीन.

तुझ्या मागच्या पत्रातल्या दुकानाबद्दलच्या ओळींना मी उत्तर देणार नाही. दुकान तुझ्या नावावर कर, मी नोकर म्हणून ढवळीन. लिहून देतो.

पैसेही नकोत. माझ्याकडे नऊशे जमले आहेत, लंबू तीनशे उसने द्यायला तयार आहे. तू फक्त आप्पांना दोन ओळी लिही. "मशीन लावून घ्या, मी सांगतो आहे." एवढंच. माझ्या सांगण्याला त्यांच्याकडे भाव नाही आणि तो आता वाढणार नाही. तुझ्या दोन ओळींना आहे.

टपालाचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे, त्यावर आप्पांचा पत्ता लिहिला आहे.

सशा


२४ जानेवारी १९९८

सशा,

बघ. मी म्हटलं नव्हतं? सहा आठवडे एक तक्रार नाही. आजार आप्पांच्या हृदयात नव्हता, मोजण्यात होता. कापड चांगलं येतंय म्हणून ज्याला झोप लागत नाही असा रंगारी मी पहिल्यांदाच पाहिला.

घराचा ताबा मार्चमध्ये मिळतो आहे, इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. एकदा स्थिरस्थावर झालो की आप्पांना महिनाभर इकडेच घेऊन येतो. इथे मोठे डॉक्टर आहेत, तेव्हा सगळं एकदमच दाखवून टाकू. तोवर त्यांच्या डोक्यात मशीनचं खूळ घालू नकोस.

तुझं पाकीट टेबलावर आहे. वाया जाणार नाही, कशालातरी वापरू.

दादा


मंगळवार, ३ मार्च १९९८
पहाटेचे पाच. रुग्णालयाच्या पायरीवर बसलो आहे.

दादा,

गुरुवारी तुझ्या ऑफिसात फोन केला तेव्हा तू बैठकीत होतास, निरोप ठेवला. शुक्रवारी तुझा फोन आला, मी अडखळलो, तू "पुढे बोल" म्हणालास, आणि मला जे बोलता आलं ते एवढंच की आप्पा जिवंत आहेत. बाकीचं लिहितो.

गुरुवारी सकाळी गणवेशाचा निळा कढईत होता. आप्पा कठड्याजवळ काठी घेऊन उभे होते. मी मागे सोडा मोजत होतो. गजर वाजला. आप्पा रोज "काढ" म्हणतात. ते म्हणाले, "गढ. गढ." मला वाटलं, घड्याळाला वेडावून दाखवतायत. परवाच त्यांनी त्याच्या आवाजाची नक्कल करून लंबूला हसवलं होतं. मी हसलो. दादा, आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरलो नाही.

काठी कढईत पडल्याचा आवाज आला तेव्हा वळलो. आप्पांचा उजवा हात अंगाशी नुसता लोंबत होता आणि ते त्या हाताकडे बघत होते, जणू कोणीतरी तो तिथे विसरून गेलंय. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. मी धरलं तेव्हा अख्खा भार माझ्यावर आला. घड्याळ वाजतच होतं. लंबूने हातगाडी आणली. कापडाच्या गाठोड्यांवर निजवून नेलं.

उजवी बाजू गेली आहे. बोलणं गेलं आहे. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. मला ते जास्त वाईट वाटतं.

डॉक्टरांनी पट्टी काढली. या वेळी काही शोधावं लागलं नाही. टोकं कुठेही, अंतरं कशीही. तेच डॉक्टर होते. त्यांनी पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मशीन लावलं होतं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी का ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

निळा तागा कढईतच राहिला. दुसऱ्या दिवशी लंबूने उपसला, काळा झाला होता.

तू ये.

सशा


१४ मार्च १९९८

सशा,

ताबा घ्यायची तारीख दोनदा बदलली, आता पुढे ढकलली तर भरलेले पैसे जातील. वीस तारखेनंतर येण्याचा प्रयत्न करतो. तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. वहिनीचं रडणं थांबत नाही.

पण एक विचारतो. चोवीस तास तू त्यांच्याजवळ होतास. एका कढईवर, एका छपराखाली. मी इतक्या लांब. तूच म्हणतोस डॉक्टरांनी तुला सगळं समजावून सांगितलं होतं. मग नेलं का नाहीस? हाताला धरून, ओढून, लंबूला घेऊन? छातीत पाखरू फडफडतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, कठडा धरून उभं राहावं लागतंय, एवढं माणसाला होत असताना शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही? आणि ज्या दिवशी खरंच झालं त्या दिवशी तू हसलास. तू, जो वाऱ्याने दार वाजलं तरी उठून बसतो.

मी दोष देत नाही. मी फक्त विचारतो आहे.

आता व्यवहाराचं. आप्पा काही परत कढईवर उभे राहणार नाहीत. दुकान काढून टाकावं हे बरं. आजवर काय खर्च झाला आणि काय देणं आहे त्याचा तपशीलवार हिशेब पाठव, म्हणजे पुढचं ठरवता येईल.

दादा


मंगळवार, ३१ मार्च १९९८
सकाळचे सव्वासहा. भट्टी पेटवली आहे. आप्पा खुर्चीत शेजारी बसले आहेत.

दादांस,

वीस तारीख होऊन गेली. तुम्ही आला नाहीत, म्हणून लिहितो.

तुमचं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. ते आता प्रत्येक गोष्ट ऐकून घेतात, दुसरं काही करता येत नाही. पाखरू फडफडण्याची ओळ आली तेव्हा त्यांनी डावा हात उचलून माझं मनगट धरलं. मी थांबलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला समजेना. मी तीच ओळ पुन्हा वाचली आणि मग समजलं.

मला पाखराचं कोणी सांगितलं नव्हतं. अंधारी आल्याचं नाही, कठड्याचं नाही. मी लंबूला विचारलं. तो आधी कबूल होईना, मग म्हणाला, डिसेंबरात आप्पांनी एक पत्र पेटीत टाकायला दिलं होतं, दोन बिड्या दिल्या होत्या.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. डिसेंबरात माहीत होतं. जानेवारीत मी पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं तेव्हाही माहीत होतं. मी दोन ओळी मागितल्या होत्या, तुम्ही मला घड्याळाबद्दल शाबासकी दिलीत. कापड ओरडून सांगत होतं ते मी तुमच्या सांगण्यावरून गप्प केलं. आप्पांनी तुमच्या कानात सांगितलं ते तुम्ही गप्प केलंत. आता सांगणारं कोणी उरलं नाही.

माझी चूक आहेच. खिळा मी ठोकला, घड्याळ मी टांगलं, आणि त्या दिवशी मीच हसलो. तेवढी माझ्या वाट्याला राहू द्या, ती मी कुठे पाठवणार नाही.

तुम्ही विचारलंत, ओढून का नेलं नाही. आप्पा म्हणाले होते, थोरला सांगेल तर लावीन. त्यांना ओढून नेता आलं असतं, पण सांगायला तुम्हाला ओढून आणता येत नव्हतं.

दुकान काढणार नाही. तुम्हाला हवं तर अर्धा हिस्सा बाजारभावाने लिहून देतो, हप्त्याहप्त्याने फेडीन. घड्याळ मी खाली काढलं. ते या पत्राबरोबर पार्सलने पाठवलं आहे. नव्या घराला उपयोगी पडेल, आवाज खणखणीत आहे.

रंग आता मीच काढतो. उजव्या हातात काठी, डाव्या हाताची दोन बोटं मानेवर. आप्पांचा पहिल्या दिवशी विश्वास नव्हता, डोळ्यांनी सारखे नमुन्याच्या चिंधीकडे दाखवत होते. राखाडीला दोनशे. तागा बाहेर काढला, पिळला, चिंधीशेजारी धरला. जुळला. शिंपीणबाईचेही जुळतात. गाव फिकं झालेलं नाही. माझे ठोके आता घाई करत नाहीत. ज्याची भीती होती ते होऊन गेलं.

तुम्ही मागितलेला हिशेब खाली आहे. आकडे दोनदा तपासले आहेत.

रुग्णालय, अकरा दिवस: चौदा हजार सहाशे. पैकी भरले सहा हजार, देणं आठ हजार सहाशे. मी फेडतो आहे.
खुर्ची, चाकांची, जुनी: सातशे.
रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, महिन्याच्या: दोनशे दहा.
दर पंधरवड्याला रक्ताची तपासणी: पंच्याऐंशी.
काळा झालेला तागा, भरपाई: नऊशे. शिंपीणबाईने घेतले नाहीत.
लंबूचं देणं: काही नाही. त्याचे तीनशे लागलेच नाहीत.
गजराचं घड्याळ: एकशे पासष्ट.
पार्सलचा खर्च: बावीस.
तुमच्याकडून येणं: दोन ओळी.
चोवीस तासांचं मशीन: शून्य. डॉक्टर म्हणाले, आता गरज नाही.